साडूचं पार्क

साडू हे नातं माणसानं बहुतेक तुलनेसाठीच काढलं असावं. भावाशी तुलना झाली तर आई मध्ये पडते, शेजाऱ्याशी झाली तर घर बदलता येतं. साडूचं तसं नाही. एकाच घरातल्या दोन मुली दोघांनी केलेल्या, सासू एक, सासरा एक, आणि दोघी बहिणींचा रोजचा फोन. तिकडे नवा पडदा लागला की इकडचा जुना पडदा त्याच दिवशी विटका दिसायला लागतो. त्यातून दोन्ही साडू एकाच धंद्यातले निघाले तर मग बघायलाच नको.

तराजूरावांचं नेमकं तेच झालं होतं. तराजूराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या मंडळींनी ते पाठीमागे ठेवलं आणि हळूहळू ते तोंडावरही चालायला लागलं, कारण या माणसापुढे दोन वस्तू आल्या की त्यांतली जड कुठली हे ठरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते एका संशोधन पार्काचे प्रमुख होते. विद्यापीठाच्या मागच्या मोकळ्या जागेत इमारती उभ्या करायच्या, नवीन कंपन्यांना त्यांत स्वस्तात खोल्या, प्रयोगशाळा आणि फुकटचे सल्ले द्यायचे, आणि यातून एक दिवस काहीतरी मोठं उगवेल म्हणून वाट बघत बसायचं, असा हा उद्योग. साडूही समुद्रापलीकडे अशाच एका पार्काचा प्रमुख. जगभरच्या पार्कांचा एक संघ होता. तो जगाचे विभाग पाडून दरवर्षी सगळ्या पार्कांची कामगिरी एकमेकांशी ताडून बघे आणि क्रमवारी लावी. त्या क्रमवारीत साडूचं पार्क दरवर्षी वर असे आणि तराजूरावांचं दरवर्षी त्याच्या खाली.

आता पार्कांची तुलना म्हणजे काही पोत्यांची तुलना नव्हे. एका विभागातले लोक पेटंटं मोजायचे, दुसरे नोकऱ्या मोजायचे आणि त्यांत माळी आणि वॉचमनही धरायचे. तिसऱ्या विभागात सरकारनं अशा काही काचेच्या इमारती उठवल्या होत्या की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. आत गेलं की एक बँक, एक जिम आणि बाकी सगळा थंडगार वारा. हा सगळा गोंधळ निस्तरला कुणी, तर तराजूरावांनी. संघाच्या मोजमाप समितीचे ते अध्यक्ष होते आणि कामात माणूस चोख. माळी त्यांनी यादीतून काढले, जिमही काढली. एवढं सगळं स्वच्छ केल्यावर तरी साडू खाली येईल असं त्यांना वाटलं होतं. तो आणखी वर गेला.

जळफळाट व्हावा नाहीतर काय. बरं, साडू हुशार, शिस्तीचा, झिजणारा माणूस असता तर तराजूरावांनी एकवेळ गिळलं असतं. पण हा शर्टाचं एक टोक आत आणि एक बाहेर ठेवून फिरणार, बैठकीची वेळ विसरणार आणि वर स्वतःच हसणार. याच्या पार्कात कुणीही यावं. दोन वाक्यांत काय करायचंय ते सांगितलं की मिळाली खोली. तराजूरावांकडे मुलाखतींच्या तीन फेऱ्या, वर तज्ज्ञांची समिती, वर दोन वर्षांचा जमाखर्च. त्यांच्या पार्कात शिरलेली एकही कंपनी आजवर बंद पडली नव्हती. साडूकडे तर त्या मेणबत्तीसारख्या विझत. पण त्या गर्दीतूनच दरवर्षी दोन-तीन अशा काही मोठ्या व्हायच्या की साडूचा नंबर वर तो वरच.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, तराजूरावांची लेकही तिकडेच गेली.

काही वर्षांपूर्वी ती त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच समोरच्या खुर्चीत येऊन बसली होती. जमिनीखालच्या पाण्याच्या नळांना कान लावून गळती नेमकी कुठे आहे ते सांगणारं यंत्र तिला बनवायचं होतं. बोलता बोलता तिनं टेबलाला कान लावून दाखवला. तराजूरावांनी नियम सांगितला की नातेवाइकांना इथे जागा देता येत नाही. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते पुढे म्हणाले की नियम बाजूला ठेवला तरी कल्पना कच्ची आहे, दोन वर्षांचा जमाखर्च आण, मग बघू. खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. लेकीची कंपनी बुडाली तर आपल्या स्वच्छ पाटीवर पहिला डाग पडणार, आणि तोही आपल्याच आडनावाचा, याची त्यांना धास्ती होती. लेक बरं म्हणाली, खुर्ची जागेवर सरकवली आणि महिन्याभरात समुद्र ओलांडून मावशीकडे राहायला गेली. साडूनं तिला खोली दिली. दोन वाक्यंसुद्धा ऐकली की नाही कोण जाणे.

तेव्हापासून घरात फोन आला की "काका म्हणाले", "काकांनी दाखवलं", "काका आणि मी". तराजूराव समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसायचे आणि एकही ओळ वाचायचे नाहीत. शेवटी फोन त्यांच्या हातात यायचा. ते विचारायचे, "मग?" ती म्हणायची, चाललंय. संपलं.

त्या वर्षी तराजूरावांनी समितीपुढे एक नवा रकाना मांडला. पार्कांनी किती कंपन्या वाढवल्या हे आपण मोजतो, मग किती बुडवल्या तेही मोजायला नको का? प्रश्न बिनतोड होता. आता, प्रश्न बिनतोड असला म्हणजे विचारणाऱ्याचं मन स्वच्छच असतं असं नाही. रकाना मंजूर झाला. त्याच्याबरोबर बंद पडलेल्या कंपन्यांना विचारायचे काही प्रश्नही ठरले आणि त्यांतला एक तराजूरावांनी खास स्वतःच्या हातानं घातला: अडचण आल्यावर सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत, आणि का? पार्काच्या प्रमुखाला नेहमी सगळ्यात शेवटी कळतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. साडूला तर काहीच कळत नसणार, आणि तिथे त्याचे गुण जाणार. असा हा सापळा होता.

तपासणीला कुणी कुठे जायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. स्वतःच्या विभागातलं पार्क तपासायचं नाही एवढाच नियम होता. साडूचं पार्क तपासू नये असा नियम करायला संघाच्या लोकांना साडू असायला हवे होते. चिठ्ठी निघाली आणि तराजूरावांनी तोंड शक्य तितकं गंभीर ठेवलं.

बॅग भरताना बायकोनं बजावलं की राहायचं बहिणीकडेच, हॉटेलात उतरलात तर मला माहेरी तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मग बराच वेळ एकाच सदऱ्याची घडी घालत ती म्हणाली की लेकीशी जरा नीट बोला. म्हणजे काय, मी काय तिच्यावर ओरडतो का, असं त्यांनी विचारलं. ओरडत नाही हो, एवढंच म्हणून तिनं बॅगेची चेन ओढली.

साडू विमानतळावर न्यायला आला तो अर्धा तास उशिरा, आणि आल्या आल्या कडकडून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी पार्काच्या दारातच त्यानं तराजूरावांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि हव्या त्या खोलीत जा, हवं त्याला विचारा म्हणाला. तराजूराव चिडलेच. चोरानं कसं जरा तरी घाबरावं.

मग त्यांनी इमारत मजला मजला पालथी घातली. भिंतींचे रंग उडालेले, जिन्यात सायकली, एका खोलीत सोल्डरिंगच्या तारेचा वास, दुसरीत पाण्याचं टाकं ठेवून त्यात कुणीतरी लहानसा पंखा फिरवत बसलेलं. आपल्याकडचे चकचकीत कॉरिडॉर आठवून त्यांना बरं वाटलं. बंद पडलेल्या कंपन्या तर भरपूर. त्यांचे मालक कुठे शोधायचे ही चिंता होती, पण ते सगळे तिथेच. एकाची कंपनी बुडाली की तो शेजारच्या खोलीत कामाला लागलेला. लाजलज्जा कशी ती नाही. विचारलं की खुर्ची ओढून देत आणि आपण कसे बुडालो ते रंगवून सांगत. तराजूरावांचा रकाना भरत चालला आणि त्याबरोबर त्यांचं पोटही भरत चाललं.

फक्त तो एक प्रश्न उलटत होता. सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत? हा म्हणे साडूला, तोही साडूला, आधीची कंपनी बुडालेला पाण्याच्या टाक्यावालाही साडूला. एक बाई तर म्हणाल्या की नवऱ्याला नंतर सांगितलं. का, असं विचारलं तर कुणालाच धड सांगता येईना. असंच, म्हणाले. तराजूरावांनी ते 'असंच' लिहून घेतलं तेव्हा कागदावर पेन्सिल जरा जास्तच दाबली गेली.

आदल्या रात्री ते झोपल्यावर घरी आलेली लेक संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भेटली. वाळली होती. तराजूराव पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "मग? कंपनी काय म्हणतेय?" ती ताटाकडे बघत म्हणाली की उद्या दुपारी कँटीनमध्ये या, तिथे सांगते. मेव्हणीनं पटकन विषय बदलला. नंतर साडू त्यांना गॅलरीत घेऊन गेला आणि, उद्या दुपारी कशाला कँटीन, चला आपण समुद्रावर जाऊ, असं काहीतरी पुटपुटायला लागला. तराजूरावांनी मनातल्या मनात मांडीवर थाप मारली. लेकीला मोठी ऑर्डर मिळालेली दिसतेय, आणि या गृहस्थाला ती बापासमोर जाहीर करायची नाहीये, श्रेय वाटून घ्यावं लागेल ना. लेकीच्या आनंदानं त्यांचा ऊर भरून आला आणि लगेच आठवलं की तिची ऑर्डर जमा होणार साडूच्या खात्यात. एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू म्हणतात ते हेच असावं.

दुपारी कँटीन खचाखच भरलं होतं. साडू स्वतः मोठी किटली घेऊन कप भरत फिरत होता. शेजारच्या माणसाला तराजूरावांनी विचारलं की आज काय आहे.

"बंदचा चहा," तो म्हणाला. या पार्काची ती रीतच होती. ज्याची कंपनी बंद होते तो सगळ्यांना चहा पाजतो आणि बुडालो कसा ते उभं राहून सांगतो. सांगून झालं की मग लोक त्याच्या खुर्च्या, यंत्रं, लिहायचे फळे ज्याला हवं ते घेऊन जातात, आणि माणसंही. आज कुणाचा आहे हे तराजूराव विचारणार तेवढ्यात त्यांची लेक पुढे येऊन उभी राहिली.

ती बोलायला लागली. यंत्र चांगलं चाललं, ती म्हणाली. गळती कुठे आहे ते आम्ही वीतभरही न चुकता सांगायचो. पण लोकांना ती कुठे आहे हे कळून नको होतं, बुजवून हवी होती. आम्ही खडूनं फुली मारून यायचो आणि पुढच्या महिन्यात जाऊन बघावं तर फुलीवरून पाणी वाहतंय. हे कळायला मला दोन वर्षं लागली. कुणीतरी हसलं, तीही हसली. लोकांनी प्रश्न विचारले आणि ती त्यांना धडाधड उत्तरं देत गेली. तराजूरावांच्या हातातला चहा गार झाला. एवढं बोलते ही? आपल्याशी फोनवर एक शब्द, चाललंय. आणि इथे या परक्यांसमोर आतडी बाहेर काढून दाखवतेय. त्यांनी साडूकडे बघितलं. तो किटली हातात धरून एका खांबाशी उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. तराजूरावांना त्याच्या पार्काचा, नंबराचा, कशाचाच इतका हेवा आयुष्यात वाटला नव्हता जितका त्या रडण्याचा वाटला. माझी लेक बुडाली आणि रडतोय हा. रडायचा हक्कसुद्धा यानंच पटकावला.

चहा संपला. कुणी फळा उचलला, कुणी दिव्याचा स्टँड. पाण्याच्या टाक्यावाला लेकीपाशी जाऊन म्हणाला की सोमवारपासून आमच्याकडे ये. ती हो म्हणाली. इतक्या लवकर मिटलंसुद्धा.

तराजूराव जागेवरून हलले नाहीत. कंपनी याच वर्षात बंद झाली होती, म्हणजे ती रकान्यात येणार. आणि रकान्यात येणार म्हणजे प्रश्न विचारावे लागणार. कुणाला कळणार होतं म्हणा. एक वगळली असती तरी आभाळ कोसळलं नसतं. पण मोजताना माणूस वगळणं त्यांच्या हाडात नव्हतं. लेकच त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "विचारा, बाबा."

त्यांनी विचारलं. कंपनी कधी सुरू झाली, किती माणसं होती, कशामुळे बंद पडली. ती एकेक सांगत गेली आणि ते लिहीत गेले. मग तो प्रश्न आला. त्यांनी कागदावरून नजर काढली नाही.

"अडचण आल्यावर सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत?"

"काकांना."

"का?"

ती म्हणाली, "आधी तुम्हालाच फोन केला होता. तुम्ही विचारलंत, मग? मला वाटलं, आता आकडा सांगायला हवा. आकडा नव्हता. मी म्हटलं, चाललंय. फोन ठेवून खाली गेले तर काका जिन्यात भेटले. ते म्हणाले, जेवलीस का? मग मी रडले."

'का' च्या पुढे काय लिहावं ते तराजूरावांना कळेना. बऱ्याच वेळानं त्यांनी तिथे 'जेवलीस का विचारलं म्हणून' असं लिहिलं. अशी नोंद संघाच्या इतिहासात दुसरी नसेल.

अहवाल त्यांनी जसाच्या तसा दिला. लेकीची कंपनी धरून. त्या वर्षीची क्रमवारी आली आणि पहिल्यांदाच तराजूरावांचं पार्क साडूच्या पार्काच्या वर लागलं. ऑफिसात मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साडूचा फोन आला, अभिनंदन म्हणाला, आणि मेल्याच्या आवाजात कुठे एवढीशी खोच असेल तर शपथ. इतकी वर्षं ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते हातात आलं, आणि त्याला चवच नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. मिळाला ना एकदाचा नंबर, आता हातपाय धुऊन घ्या, ती म्हणाली. लेकीचं तुला माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे माणसाला आधी पास व्हावं लागतं."

पुढचे कित्येक दिवस ते एकटे असले की काहीतरी पुटपुटताना दिसायचे. दाढी करताना आरशात बघून, लिफ्टमध्ये, गाडी लावताना. एकदा त्यांच्या सेक्रेटरीबाईंना दाराबाहेरून ऐकू आलं. साहेब रिकाम्या खुर्चीला विचारत होते, जेवलीस का? बाईंनी आल्या पावली परत जाणं पसंत केलं.

आणि मग एका दुपारी ऑफिसातल्या फोनवर लेकीचा फोन आला. ती ऑफिसात कधी फोन करत नसे. ती काही बोलायच्या आत तराजूरावांनी घाईघाईनं म्हणून टाकलं.

"जेवलीस का?"

पलीकडे ती हसायला लागली.

"बाबा, चार वाजलेत."

तराजूरावांचे कान लाल झाले. नाही, म्हणजे सहज, असं काहीतरी ते बोलायला लागले.

"आणि हा काकांचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमचा विचारा."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. क्रमवारीचं प्रमाणपत्र लावायला कुणीतरी खिळा ठोकून ठेवला होता.

"मग?"

"मग काय," ती म्हणाली आणि थांबली. ते थांबले. पूर्वी इथे त्यांनी फोन बायकोकडे दिला असता. मग ती बोलायला लागली. परत कंपनी काढावी असं डोक्यात येतंय, ती म्हणाली, या वेळी गळती शोधायची आणि बुजवायचीही. पण भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. परत बुडाले तर परत सगळ्यांना चहा पाजायची ताकद आहे की नाही, माहीत नाही. ती सांगत राहिली आणि तराजूराव ऐकत राहिले. हातात पेन्सिल होती, ती त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. कुठली कल्पना कच्ची आहे ते त्यांना लगेच दिसलं होतं, पण जमाखर्च हा शब्द त्यांनी दाताखाली धरून ठेवला.

शेवटी मात्र राहवेना. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं,

"काकांना सांगितलंस?"

"नाही अजून," ती म्हणाली.

तराजूराव उठले, फोनची वायर पुरेल तितकं जाऊन त्यांनी पायानंच दार लोटून घेतलं, आणि परत येऊन खुर्चीत नीट टेकून बसले.

"बरं, मग?" ते म्हणाले.